गणिताच्या जागी भूगोल

बाबा, तुमच्या नातीला आज जेवताना ताटावरच झोप लागली. हातातला भाकरीचा तुकडा कढीत पडला तेव्हा ती दचकली आणि आधी म्हणाली काय, तर "झोपली नव्हती मी." तुम्ही तिला पाहिलं नाही. तुम्ही गेल्यावर बऱ्याच वर्षांनी ती झाली. पण बुलढाण्याच्या आमच्या घरात तुमचा फोटो स्वयंपाकघराच्या दारावर आहे, बुद्धाच्या फोटोशेजारी, आणि तिला वाटतं की ती तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त ओळखते. तुमच्या गोष्टी मीच तिला सांगत आले, त्यामुळे तक्रार कुणाकडे करणार!

ती बारावीला गेली. तुमच्या वेळचंच अजून चालू आहे. विज्ञान शाखेत गणित घेतलं की इंजिनीअरिंगची वाट, जीवशास्त्र घेतलं की डॉक्टरकीची, आणि ज्या घरांना धीर धरवत नाही त्या घरची पोरं दोन्ही घेतात. हिला डॉक्टरच व्हायचंय, इंजिनीअर व्हायचं नाही, हे तिला शाळेपासून ठाऊक आहे. तरी दोन्ही. पहाटे गणिताची शिकवणी, मग कॉलेज, मग नीटचा क्लास, आणि घरी आली की प्रॅक्टिकलच्या वह्या. कंगव्यात केसांचे पुंजके येतात. परवा क्लासच्या जिन्यात भोवळ येऊन खाली बसली. क्लासच्या सरांनी मला बाजूला घेतलं. "मॅडम, गणित सोडून टाका. त्याच्या जागी भूगोल घ्या. पन सोमवारपर्यंत कॉलेजात सांगा, मंग बदलता येत नाही." मी घरी येऊन तिला सांगितलं. तिचे बाबा म्हणाले, तुम्ही मायलेकी ठरवा, आणि पेपर उघडून बसले. ती म्हणाली, "भूगोल? आजोबांनी तुले सोडू दिलं होतं का?"

तिथे मी अडकले, बाबा. कारण नाही, तुम्ही सोडू दिलं नव्हतं.

माझं बारावीचं वर्ष. आपल्या धाड गावच्या स्टँडवर कॉलेजला जायची सकाळची एसटी लागते आणि तुम्ही शाळेत शिकवायला जायच्या आधी तिथे हजर असता. गाडी थांबायच्या आत खिडकीतून रुमाल टाकून माझी जागा धरता. दारातून मी चढेपर्यंत सगळ्या गाडीला ऐकवून झालेलं असतं, "पोरगी बारावीले हाये. दोन्ही ग्रुप हायेत तिले. बसू द्या, वाचीन." म्हाताऱ्या बायका डोक्यावर टोपली धरून उभ्या राहतात आणि मी त्यांच्यामध्ये पुस्तक उघडून बसते. कंडक्टर रोज विचारतो, "काय मॅडम, डॉक्टर का इंजिनेर?" मला दोन्हीपैकी काहीच व्हावंसं वाटत नाही. मला त्या टोपलीवाल्या बाईला जागा देऊन उभं राहावंसं वाटतं. पण रुमाल तुमचा असतो, त्यामुळे उठता येत नाही.

एक दिवस मी बसमधून उतरून घरी न जाता थेट तुमच्या शाळेत आले. तुम्ही चौथीच्या वर्गावर होता. बोटांना खडू लागलेला. मी दारातच हळू आवाजात विचारलं, "बाबा, गणित सोडू का? नाही झेपत." तुम्ही रागावला नाहीत, तेच वाईट झालं. तुम्ही म्हणालात, "कपाशीत आपन मधी तुरीचं एक तास काऊन पेरतो वं? एक गेलं त दुसरं हाती रायते. आपल्या लोकायले दुसऱ्यांदा कोनी विचारत नाही, बाई. दोन्ही धरून ठेव." मग माझा हात धरून मला वर्गात, फळ्यासमोर नेलंत. "पोरंहो, ही माही पोरगी. दोन्ही विषय घेऊन शिकून राह्यली. टाळ्या वाजवा." आणि पोरांनी वाजवल्या की! मास्तरांनी सांगितल्यावर पोरं कशाला थांबतात. मी दप्तर खांद्याला लावून हसत उभी होते. त्या टाळ्यांनंतर मी गणित सोडायचं नाव काढलं नाही.

दोन्ही धरून ठेवले. मेडिकलला गुण थोडे कमी पडले, इंजिनीअरिंगला मन नव्हतं, आणि मी गेले फार्मसीला, जिथे गणित नाहीतर जीवशास्त्र, दोन्हीपैकी एक चाललं असतं. आज सरकारी दवाखान्यात औषधांच्या खिडकीशी बसते. नोकरी चांगली आहे, लोक मान देतात, तुमच्या मेहनतीचं चीज झालं असं विहारात सगळे म्हणतात. मला तुमचा राग येतो म्हटलं तर ते मलाच वेड्यात काढतील. तुमचं खोटं नव्हतं, हे मला कळतं. आपल्याला खरंच कुणी दुसऱ्यांदा विचारलं नसतं. पण कपाशीत तूर पेरताना वावराला विचारत नाहीत, बाबा, आणि मी वावर नव्हते.

पोरीला मी गोष्ट सांगितली ती टाळ्यांची. लहानपणी ती मला पुन्हा पुन्हा सांगायला लावायची आणि शेवटी स्वतःच टाळ्या वाजवायची. दारात मी काय विचारलं होतं, ते गोष्टीत कधी आलंच नाही. फोटोतल्या माणसाला कमीपणा येईल असं वाटायचं.

आज ताट बाजूला सारून ती परत गणिताची वही ओढायला लागली, तेव्हा मी वहीवर हात ठेवला. म्हटलं, "त्या दिवशी मी गणित सोडू का म्हनूनच विचारायले गेली होती." ती थांबली. मी सगळं सांगितलं. रुमाल, टोपल्या, आणि टाळ्या वाजत असताना मला रडू येत होतं ते. तिने दारावरच्या फोटोकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "मंग इतके दिवस काऊन नाही सांगितलं?" मी तिचं ताट उचललं. तेव्हा तिने अगदी हळू विचारलं, "सोडू का मंग?"

बाबा, शब्दसुद्धा तेच. आणि तुमचं वाक्य माझ्या जिभेवर तयार होतं, आपल्या लोकांना दुसऱ्यांदा कोणी विचारत नाही. पाण्याचा घोट घ्यावा लागला ते गिळायला. मग म्हटलं, "सोड." ती रडली, मग हसली, भूगोलात नकाशे असतात ना म्हणाली, आणि तिथेच चटईवर आडवी झाली. कित्येक महिन्यांनी ती दुपारची झोपली आहे. भांडी घासायची राहिलीत, पण आवाज नको म्हणून मी बसून आहे.

हा कागद तुमच्या फोटोमागे ठेवायचं मनात होतं. आता फाडावाच लागेल, कारण पुढचं तिच्या हाती पडायला नको. ती झोपल्यावर मी चपला हातात घेऊन बाहेर गेले आणि क्लासच्या सरांना फोन लावला. विचारलं, पुढे मन बदललं तर गणित परत घेता येतं का?