विहीणबाईंची गाडी

गंगापूर रोड, नाशिक
१६ नोव्हेंबर

प्रिय वत्सलाबाई,

ललिताचा नमस्कार. तुम्ही पाठवलेल्या इंद्रायणीचा भात परवा केला, घरभर वास सुटला. इगतपुरीला थंडी कडाक्याची असेल. इथेही स्वेटर निघालेत. फोन न करता पत्र लिहितेय, कारण फोनवर आपण दोघी 'बाकी काय म्हणता' यातच अडकतो.

तर गाडीचं. तुमची इलेक्ट्रिक गाडी साडेनऊ लाखांना घेते म्हणाले, तेव्हा नवी तेराला होती. गेल्या आठवड्यात कंपनीने नवीच अकरावर आणली. मग तीन वर्षं वापरलेलीला साडेनऊ कोण देईल? मुंबई नाक्यावर जुन्या गाड्यांच्या दोन दुकानांत विचारून आले. एकजण साडेसात म्हणाला, दुसरा नुसताच हसला. मी आठ देते. गाडी तुम्ही जपून वापरलीय, ते मला दिसलंय.

आमच्या ह्यांना हे पटलेलं नाही. "लेकीच्या सासरी भाव करतात का? देऊन टाक गुपचूप," म्हणाले. मी म्हटलं, लग्नातला मानपान गुपचूप दिला. ही गाडी आहे, आहेर नाही.

खरं तर पत्र इथेच संपायला हवं. पण हे आठचं मी तेजस्विनीच्या कानावर घातलं होतं, आणि काल तिचा फोन आला. "आई, भाव नको करूस. ठरलंय ते दे," एवढंच म्हणाली. तेही इतकं हळू, की मला दोनदा विचारावं लागलं. वत्सलाबाई, ही मुलगी आमच्या स्वयंपाकघरातून हाक मारायची ती शेजारच्या बिल्डिंगीत ऐकू जायची.

तुम्ही तिला काही बोललात असं मी म्हणत नाही. बोलला असाल, तर ते मला बोला. भाव मी केलाय, तिने नाही.

गाडी कशाला हवी, असं तुम्ही विचारलं होतंत. मी बाजारहाटाला म्हणाले. बाजार तर कोपऱ्यावर आहे हो. मला मनात येईल तेव्हा लेकीकडे यायचंय, कुणी सोडायची वाट न बघता.

आठ परवडत नसतील तर खुशाल दुसऱ्याला विका, मला राग नाही. मी नवी घेईन. पण रविवारी मी येतेय, एसटीने का होईना. तोवर तेजूला एक निरोप द्या, आणि तो तुमच्याच तोंडून द्या: आईशी मोठ्याने बोल, या घरात चालतं.

तुमची विहीण, पण आधी तेजूची आई,
ललिता