मुलांची खोली, एका खुर्चीवरून पाहिलेली

तीर्थस्वरूप सासूबाईंना,
साष्टांग नमस्कार. (‘माजी’ हा शब्द गाळला आहे. घटस्फोट तुमच्या मुलीने घेतला, तुमच्याविरुद्ध माझा कधी दावा नव्हता.) गुडघा कसा आहे? फोन केला असता, पण माझा नंबर पाहून तुम्ही तो उशीखाली ठेवता असं आमची थोरली सांगते. पत्र उशीखाली ठेवलं तरी उघडून वाचावंसं वाटतं, म्हणून हा उद्योग.

इकडे सर्व क्षेम आहे. म्हणजे माणसं सगळी धड आहेत, खोली पडली.

तुम्हाला माहीतच आहे की मुलं रविवारी सकाळी माझ्याकडे येतात आणि दिवेलागणीला परत जातात. शनिवारची रात्र मिळावी असा अर्ज मी केला होता. (तसं माझं काही अडलेलं नाही. संध्याकाळी घर कसं शांत असतं. इतकं, की नळ गळतो ते ऐकू येतं.) त्यावर कोर्टाच्या समुपदेशक बाई म्हणाल्या की आधी मुलांची झोपायची जागा पाहू, दोघांना वेगवेगळं अंथरूण हवं. माझ्याकडे एक खोली, एक स्वयंपाकघर आणि एक गादी. पण माणूस नाटकांचे सेट बांधणारा. ज्याने राजवाडे उभे केले त्याला मुलांची खोली ती काय जड? चौकटींवर कापड ताणून अर्ध्या खोलीत भिंती घातल्या, दरवाजा लावला, एकावर एक अशा दोन खाटा केल्या आणि खिडकी रंगवली. खिडकीबाहेर झाडही काढलं, कारण बाईंच्या सूचनेत ‘हवेशीर’ असा शब्द होता. आता आमच्या धंद्याची एक खोड आहे. वस्तू समोरून दिसते तेवढीच करायची आणि प्रयोग संपल्यावर झटपट मोडता यावी म्हणून बिजागऱ्यांत सुट्या पिना घालायच्या. मी फसवणूक करत होतो असं तुमची मुलगी म्हणते. मी नुसता सवयीने काम करत होतो. वरच्या खाटेवर कुणी झोपणार आहे हे तीन दिवसांत एकदाही माझ्या डोक्यात आलं नाही. (तुम्ही लग्नातच म्हणाला होतात, “पोरगी पुठ्ठ्याच्या घरात दिली.” पुठ्ठा नव्हता, प्लायवूड होतं. पण ते असो.)

बाई आल्या. जिथून खोली सगळ्यात चांगली दिसते तिथेच मी त्यांची खुर्ची मांडली होती. त्या बसल्या, खूश झाल्या. “खिडकी उघडते ना?” त्यांनी विचारलं. थोरली तुमच्यावर गेली आहे, खोटं बोलता येत नाही. ती म्हणाली, “उघडत नाही, पण बाबांनी पक्षी काढून देईन म्हटलंय.” बाई हसल्या. तेवढ्यावर निभावलं असतं. पण त्या निघायला उठून दरवाजाशी गेल्या, आणि धाकट्याने पिना उपसल्या.

त्याची काही चूक नाही. मागच्या सुट्टीत थिएटरवर त्याला मीच शिकवलं होतं, की प्रेक्षक उठले की आपलं काम सुरू. एवढ्या तत्परतेने माझा एकही कामगार कधी हलला नाही. भिंती चहूकडे पडल्या, खाटा बसल्या, झाड आडवं झालं. बाई दरवाजाच्या चौकटीत उभ्या होत्या म्हणून वाचल्या. चौकट तेवढी मी मन लावून केली होती. केसांतला भुसा झटकत त्यांनी शांतपणे विचारलं, “मग मुलं खरंच झोपतात कुठे?” धाकटा म्हणाला, “दुपारी ना? बाबांच्या पोटावर.” यावर थोरली म्हणाली, “मी नाही हं. मी बाजूला.”

बाईंनी महिन्याची मुदत दिली आहे. खऱ्या खाटा दाखवा, मग शनिवारचं बघू. मला कसली घाई नाही. तब्येतीस जपावे.

आपला,
जावई (जुना)

ता. क. : तुमच्या आतल्या खोलीत दोन लोखंडी खाटा आहेत, ज्यांवर तुमच्या दोन्ही मुली वाढल्या आणि ज्यांवर हल्ली तुम्ही जुनी वर्तमानपत्रं रचता. त्या द्याल का? मागूनही लोखंडच आहे, मी लग्नाआधीच तपासलं होतं.

ता. क. २ : टेम्पो घेऊन येईन. तुमची मुलगी घरी नसेल ती वेळ कळवा. फोन उचलला तरी चालेल.

ता. क. ३ : धाकट्याला उशीचा तो निळा, विटका अभ्रा नाकाशी धरल्याशिवाय रात्री झोप येत नाही. तो आईच्या घरचा, मागवणं बरं दिसत नाही. म्हणून तसाच एक इथे शिवून घेतला, पण नवा आहे म्हणून स्वारीला पसंत नाही. नव्या वस्तू जुन्या करायला आमच्याकडे रंग असतो, तो इथे चालत नाही. तेव्हा सध्या मीच तो डोक्याखाली घेऊन झोपतो आहे. महिन्यात विटेल असा अंदाज आहे. हे कुणाला बोलू नये.