मार्था अजून तळघरातच हाय

आवं सोनलचं आबा,

वर्ष झालं तुम्हाला जाऊन, आन् मी आज पत्र घालायला बसले. सांगते मी, लिहिते आपली नात सोनल. तिला बजावलंय, मी सांगंन तेच लिही. आपल्या घरात वाचणाऱ्या माणसाचा भरवसा राहिला न्हाई. का, ते तुम्हाला ठाऊकच हाय.

ते व्हिएन्नाचं पुस्तक आठवतं का? दौंडच्या बाजारात रद्दीतनं उचललेलं. एका मोठ्या लढाईतनं माणसं लंगडत घरी आलेली, दुसरी लढाई वाटंवर. शहरात भाकरीची मारामार, कालव्यात मुडदे सापडायचे. आन् मार्था नावाची कपडे धुणारी बाई. खुन्याचा रक्ताचा सदरा तिच्याच हाताखालनं गेलेला, म्हणून तो तिच्या मागावर. कुरकुंभच्या कंपनीतनं पहिली पाळी करून आलात की तुम्ही वाचायचा, मी कांदे निवडत ऐकायची.

फौजदारानं मार्थाला तळघरात लपवलं, खुनी जिना उतरायला लागला, आन् तुम्ही पानात खूण घालून दवाखान्यात गेलात. परत आलाच न्हाई. थांबायला जागा तरी बरी धरायची! वर्षभर त्या बाईचा घोर लागलाय मला.

म्हणून गेल्या आठवड्यात सोनलला म्हणलं, "पुढचं वाच." पोरीनं पहिल्या पानापासनं धरलं. तिसऱ्या दिवशी थांबली.

"आज्जी, मार्था गेली."

"गेली कशी? तळघरात हाय ती."

"अगं, शेवटापर्यंत चाळलं मी. पुस्तकात तळघरच नाहीये. तिसऱ्या प्रकरणातच ती कालव्यात सापडते."

म्हंजी चार महिने तुम्ही मनचं सांगत होता? आन् पानं उलटत होता, बोटाला थुंकी लावून?

मग तो दिवस आठवला. माझ्या धाकट्या बहिणीचं, गंगूचं तेरावं करून आपण तळेगाव ढमढेऱ्यासनं परतलो होतो. वाचता वाचता तुम्ही अडखळलात, पाणी मागितलंत, आन् म्हणालात, "मार्था वाचली." तवापासनं मार्था फौजदाराला दटावायला लागली, "मेल्या, चिखलाच्या पायानं आत येतोस व्हय?" ही तर गंगूची बोली. मला वाटलं, बाया सगळ्या मुलखात सारख्याच. व्हिएन्नात ती मेथीची जुडी शिळी म्हणून परत करायची, तवा तरी मला कळायला पाहिजे होतं.

का सांगितलं न्हाईत? मी रडले असते म्हणून? रडलेच असते. गंगू दवाखान्यात शेवटच्या घटका मोजत होती, आन् मी म्हणलं, कांद्याची काढणी उरकते न् जाते. ती एकटीच गेली. तुम्ही एका शब्दानं बोलला न्हाईत. नुसती मार्था जगवत राहिलात.

खुनी कोण, ते सोनल सांगत होती. म्हणलं, ऱ्हाऊ दे. ज्या मार्थाला त्यानं मारलं, तिला मी वळखत न्हाई.

तर आता शब्द देते. हितनं पुढं गोष्ट मी सांगणार, सोनल उतरून घेणार. खुनी निम्म्या जिन्यात हाय तवर मी तळघरात शिरते आन् आतनं कडी लावते. दारावर कितीबी धडका बसू देत. फौजदार येईस्तवर मी तिच्याजवळनं उठायची न्हाई, शेतात कांदा सडला तरी.

तुमची,
कौसल्या