मागची भिंत मुलींची

मी, खाली सही करणारी, देशाच्या महिला फुटबॉल संघाची माजी कर्णधार, कायद्याची निवृत्त प्राध्यापक आणि या गल्लीत 'तोफ' म्हणून ओळखली जाणारी बाई, पूर्ण शुद्धीत आणि स्वखुशीने हे मृत्युपत्र करते. माझ्यावर कोणाचाही दबाव नाही. पुतण्याने आणून पाहिला. चहा पिऊन परत गेला.

१. इथल्या फुटबॉल क्लबने काचेच्या कपाटात ठेवायला माझे बूट मागितले आहेत. याच क्लबने मैदानाला कुलूप लावून गल्लीतल्या मुलींना हाकलले आणि वर भाषणात माझे नाव घेतले. बूट मिळणार नाहीत. ज्या मुलीच्या पायाला बसतील तिने ते घालावेत आणि झिजवावेत.

२. पुस्तके आणि टेबल माझ्या विद्यार्थिनीला. ती आता वकील आहे आणि संध्याकाळी माझ्याबरोबर बसून भाडेकरूंना, नवऱ्याने टाकलेल्या बायकांना फुकट सल्ला देते. तो तिने देत राहावा. 'भिंतीवरचे हक्क' हा माझा प्रबंध मात्र संघाच्या जुन्या प्रशिक्षकांना द्यावा. "चेंडू नाहीतर पुस्तक, एक काहीतरी धर," असे ते मला म्हणाले होते. मी दोन्ही धरले. प्रबंध जाडजूड आहे, त्यांनी उशाला घेतला तरी माझी हरकत नाही.

३. घर थोरल्या भावाला, म्हणजे दादाला. आमच्या गवंडी वडिलांनी ते स्वतः बांधले आणि मागच्या भिंतीवर चुन्याने गोलची चौकटही त्यांनीच काढून दिली. मी भीत भीत मारायचे. ते म्हणाले, "जोरात मार. पडली तर मी परत बांधीन." भिंत काही पडली नाही. आत दादा अभ्यास करायचा. आवाजाने त्याचे डोके उठले की तो आतून भिंतीवर थापा मारायचा. मी थांबायचे नाही. यावरून आमची कायमची धुसफूस.

पुढे माझा गुडघा गेला. डॉक्टरांनी खेळ विसरा म्हणून सांगितले आणि मी भिंतीकडे तोंड करून पडून राहिले. एका दुपारी भिंतीवर धप्प आवाज झाला. बाहेर दादा चेंडू मारत होता. त्याला धड लाथही मारता येत नव्हती. खिडकीतून म्हणाला, "घर फार गप्प झालंय गं. ऊठ आता." मी उठले. तो दादा मला फार आवडतो, म्हणून घर त्याला.

४. परंतु पुतण्याला हे घर पाडून इमारत उठवायची आहे आणि दादा पोरापुढे तोंड उघडत नाही. म्हणून घर दादाचे असले, तरी मागची भिंत आणि तिच्यासमोरची मोकळी जागा गल्लीतल्या मुलींची. त्यांना खेळायला दुसरी जागा उरलेली नाही. एक जरी मुलगी तिथे चेंडू मारत असेल, तरी भिंत पाडू नये, विकू नये, तिच्यावर माझा फोटो लावू नये. बँकेतली शिल्लक तिच्या प्लास्टरला वापरावी. असे करता येत नाही, असे पुतण्याचे वकील म्हणतात. त्यांनी माझा प्रबंध वाचावा. प्रशिक्षकांच्या उशाखालून काढून घ्यावा.

५. मी गेल्यावर कोणी माना खाली घालून उभे राहू नये. मुलींनी भिंतीपाशी यावे आणि जोरात मारावे. दादाला आतून थापा मारायचा पूर्ण हक्क राहील. त्या ऐकून कोणी थांबू नये.

सही: तोफ

आमच्यासमोर तिने सही केली, म्हणून आम्ही केली:
शेजारची नर्स (सही)
कोपऱ्यावरचा पंक्चरवाला, मुलींचे चेंडू दुरुस्त करणारा (सही)

स्थळ: मागची खोली, भिंतीला टेकून
दिनांक: आजचा रविवार, सकाळ. बाहेर खेळ चालू आहे.