उजव्या मुठीतला आसूड

मी, शिवम्मा भ्र. हणमंतराव बिरादार, राहणार मौजे चिंचशेत, तालुका उदगीर, जिल्हा लातूर, डोकं ठिकाणावर असताना आणि कुणाच्या धाकात नसताना हे मृत्युपत्र माझ्या हातानं लिहिते. धाक काय असतो ते माझ्या पाठीला माहीत आहे, म्हणून तो शब्द इथं उगीच आलेला नाही.

१) माझ्या नावचं राहतं घर आणि बोअरचं शेत नात पुनम हिला. तिचा बाप, म्हणजे माझा मुलगा सुदर्शन, याला त्यातलं ढेकूळही मिळू नये. कोर्टात जाईन म्हणतो. खुशाल जावं.

२) ओढ्याकडचा पट्टा आमचा जुना सालगडी पंढरी याला. माझे सासरे अण्णाराव यांनी बाजारातून एक काळा आसूड आणला होता. तो ज्याच्या अंगाला लागला त्याला मारणाऱ्याचा हुकूम मोडता येत नसे. सासरे बैलाला शिवीसुद्धा न देणारे, पण आसूड हातात आला आणि त्यांना मारायची गोडी लागली. नांगरणीत, भर उन्हात एक बैल जुवाखाली मेला. पंढरी ओरडला, "अव्वा, बैल मरून गेलाय, तरी चालूनच राह्यलाय!" मी पाहिलं. डोळे फिरलेले, जीभ मातीत घासतेय, आणि त्यानं बांधापर्यंत काकरी पुरी केली. मग सासऱ्यांनी पंढरीची पाठ फोडून त्याची मान त्या जुवात घातली. तेवढ्यात, हुकूम तोंडातून निघायच्या आधीच, दुसरा बैल जू मोडून उधळला आणि त्यानं सासऱ्यांचं पोट फाडलं. ती आतडी पंढरीनंच आपल्या धोतरानं दाबून धरली. म्हणून तो पट्टा त्याचा.

३) पितळी भांडी, शाली आणि खलबत्ता पुनमला. जाऊबाईला एक तांब्याही देऊ नये. माझी पाठ सोललेली बघून "उलट बोलली असशील" म्हणाली ती बाई.

पाठ सोलली ती माझ्या मालकांनी. आमच्यात जाळत नाहीत, पुरतात. सासरे गेले, त्यांना शेतात बसवून पुरलं तेव्हा आसूडही त्यांच्या मांडीवर ठेवून माती लोटली, आणि तिथंच चुकलं. पुढं ट्रॅक्टरचा नांगर बांधाकडं सरकला आणि आसूड वर आला, वादीला साधा डागही नाही. बैल तोवर विकले होते. पाठ म्हणाल तर घरात माझीच होती. "हालू नकोस" म्हणत, आणि मला हालता येत नसे. मारताना हणमंतराव रडायचे. एक दिवस त्यांनी स्वतःच्याच पोटऱ्यांवर फटका ओढला आणि म्हणाले, "चल, हिच्यापासून लांब चल." उदगीरच्या रोडवर ट्रकनं दोन्ही पाय चिरडले, तरी ते गुडघ्यांवर पुढं सरकत होते. कुठं थांबायचं ते सांगायचं विसरले होते. मला त्यांचा राग आहे आणि आठवणही येते. ते दोन्ही मी कुणाला देत नाही, बरोबर नेते.

४) आसूड मी पेटीत कुलपात ठेवला होता. यंदाच्या पोळ्याला सुदर्शन म्हणाला, "आई, फकस्त मातीच्या बैलांपुढं पूजेला मांडतो," आणि त्यानं कुलूप तोडलं. पुनम आलेल्या स्थळाला नाही म्हणत होती. बापानं तिला एक फटका मारला आणि म्हणाला, "गॅसवर हात धर." लेकरानं धरला. "अव्वा, हात निघंना गं!" कातडीचा वास घरभर झाला. मी बत्ता घेतला आणि सुदर्शनचं मनगट मोडलं. हाड वाजलं, तो "काढ हात" म्हणून ओरडला आणि तिचा हात सुटला. हाडाचा तो आवाज ऐकून मला बरं वाटलं.

आसूड चुलीत टाकायला गेले तर जीव होईना. पुनमला एकदाच हळू मारावं आणि "सुखी राहा" असा हुकूम द्यावा, असं वाटू लागलं. सासऱ्यांना आणि मालकांनाही पहिल्यांदा असंच काहीतरी चांगलं वाटलं असणार. त्या दिवसापासून मला माझीच भीती वाटते.

५) लातूरच्या डॉक्टरांनी मला घरी न्यायला सांगितलंय. इथून पुढं वैजनाथ गुरुजी लिहितात, कारण मी आत्ताच डाव्या हातानं माझ्या उजव्या हातावर फटका मारून, आसूड त्याच मुठीत देऊन हुकूम दिलाय, "राख होईपर्यंत सोडू नकोस." कुठं थांबायचं ते सांगितलंय. मेलेल्या बैलानं काकरी पुरी केली, माझी मूठही करील.

म्हणून मला पुरू नका, जाळा. मठाचे स्वामी रागावतील, रागावू द्या. गळ्यातलं लिंग मालकांच्या शेजारी माझ्या जागी पुरावं. मूठ उघडायला जो हात पुढं येईल तो सुदर्शनचाच असेल. त्याला धरून ठेवा. माझा जीव जाईपर्यंत माझ्या खोलीला बाहेरून कडी असावी, पाणी पंढरी देईल.

पुनम खिडकीबाहेर उभी आहे. आत येते म्हणून रडतेय. येऊ नकोस बाळ. हे मी साध्या तोंडानं सांगतेय, आसूड न उचलता. ऐकायचं की नाही, ते तुझ्या मनावर.

शिवम्मा भ्र. हणमंतराव बिरादार
(सही येते, पण उजवा हात गुंतलेला असल्यानं डाव्या अंगठ्याचा ठसा)

साक्षीदार, दोघेही उंबऱ्याबाहेर उभे राहून:
वैजनाथ गुरुजी, सही
सिद्धेश्वर, शेजारी, सही

मौजे चिंचशेत, दिनांक १२ ऑक्टोबर २०२४