आतून लागलेली कडी

ती. ताईस,

सादर नमस्कार. तुझी कंबर आता वाकू देते का? दाजींचा खोकला? इकडे सगळे ठीक, म्हणजे काल संध्याकाळपासून ठीक.

तुझी लेक आल्यापासून सोफ्यात रुतून व्हिडिओ गेम खेळते, हे मी फोनवर कळवलंच होतं (तू "खेळू दे रे" म्हणालीस आणि मी फोन आपटला). काल मी बेडरूममध्ये शर्टाला इस्त्री करता करता, हॉलमधल्या तिला मेंदू कसा सडतो ते सांगत होतो. मुद्दा ठसवायला बाहेर आलो, तेवढ्यात आमच्या दोन वर्षांच्या पुत्ररत्नाने दार लोटलं आणि आतून खालची कडी सरकवली. आत तो आणि तापलेली इस्त्री! वायर लोंबकळतेय!

ताई, आमची ही कामावर. मी दार बडवलं, तसा तो भोकाड पसरून रडू लागला. शेजारचे वकीलसाहेब धावून आले, दाराला खांदा दिला (तसला नव्हे) आणि तोच खांदा धरून खाली बसले. तुझ्या लेकीने आधी मेन स्विच बंद केला. (मला सुचलं नाही. मी वीजखात्यात आहे.)

"मामा, तू गप्प बस," म्हणाली आणि जमिनीवर आडवी होऊन फटीतून बघू लागली. कडी सरकव म्हणून सांगितलं, त्याला कळेना. चित्र काढून आत सरकवलं. त्याने ते चघळलं. मी कपाळ बडवून घेतोय आणि तुझी लेक शांतपणे म्हणते, "हे नाही चाललं. मग काय चालेल?" चमचा आणून कडीच्या उंचीवर दारावर टक टक केलं. आतून टक टक! मग चमचा हळूच बाजूला ओढत नेला, कर्रर्र. आतूनही कर्रर्र, आणि खट्! दारात रत्न, खिदळत.

मी त्याला छातीशी धरून ढसाढसा रडलो. "हे तुला कुणी शिकवलं गं?"

"गेममध्ये हरलं की कळतं, काय चालत नाही ते. इथे हरायचं नव्हतं, म्हणून आधी मेन स्विच."



तुझा सुन्न धाकटा भाऊ

ता.क. लेकीला आणखी आठवडाभर राहू दे. रत्नाला तिचा लळा लागलाय.

ता.क. २ रत्नाचं नुसतं निमित्त. तिच्या गेममधल्या तुटक्या पुलाशी मी सकाळपासून अडकलोय, ऑफिसात रजा कळवलीय. कार्टी उत्तर सांगत नाही. आई म्हणून जरा दटाव तिला.