पश्चिमेचं कुंपण आणि कर्टुल्याचे वेल यांबाबत

मी, सांडू आसाराम गायके, वय एकाहत्तर, मूळचा देवगाव रंगारीचा, हल्ली राहणार चिकलठाणा, छत्रपती संभाजीनगर, हे मृत्युपत्र स्वखुशीनं लिहून ठेवतो. कुणाची जबरदस्ती नाही, नशापाणी नाही. बुद्धी शाबूत आहे आणि कान गरजेपेक्षा जास्त शाबूत आहेत. कूलर बंद असला की या घरातलं सगळं मला ऐकू येतं, हे माझ्या मुलानं लक्षात ठेवायला हवं होतं.

१. राहतं घर मुलगा गोकुळ यास. दुसऱ्याच्या वर्कशॉपात झाडू मारत शिकलो आणि पुढं ग्रिल-गेट बनवून मी ते बांधलं. स्लॅब कुठं गळतो ते त्याला माहीत आहे.

२. बँकेतली ठेव नात संस्कृती हिच्या शिक्षणासाठी. लग्नासाठी नाही.

३. वेल्डिंग मशीन, ग्राइंडर आणि दुकानातली सगळी अवजारं सुदर्शन यास. माझ्या हाताखाली शिकला आणि आता माझ्याच जोडात खोट काढतो. हक्कच आहे त्याचा.

४. धाकटा भाऊ कचरू यास काही नाही. कारण खाली येईल. ज्याला काही मिळत नाही तो साक्षीदार म्हणून चालतो, असं वकीलसाहेब म्हणाले, म्हणून त्याला तेवढा मान दिला आहे.

५. घराच्या पश्चिमेची दीड फुटाची पट्टी आणि तिच्यावरचं जाळीचं कुंपण सून तनुजा हिच्या एकटीच्या मालकीचं. तिच्या सहीशिवाय तिथं वीट लागणार नाही.

परवा गोकुळ फोनवर ठेकेदाराला सांगत होता, "बाबा आहेत तोवर राहू द्या. मग सरळ भिंत टाकू. त्या वेलाला नुसती फुलं येतात, फळ एक नाही."

फळ का नाही ते ऐक, गोकुळ. शेजारच्या कडुबा हिवराळेशी मोजणीवरून माझं वाजलं, त्या रागात मी ही जाळी ठोकली. दुपारनंतर तिला हात लावला तर चटका बसायचा. तुझी आई आवडाबाई म्हणाली, "काहीतरी चढवा हिच्यावर. खाता येईल असं." मी हौसेनं द्राक्ष लावलं, ते एप्रिलात करपलं. दोडका रोज पाणी मागतो, आणि आपल्या नळाचं तुला ठाऊकच आहे. वाल तगला. मोरीच्या पाण्यावर तोंडली तगली. ते दोन कोपरे तसेच ठेवावेत.

मधल्या भागासाठी कचरूनं देवगावकडच्या डोंगरातून कर्टुल्याचे कंद खणून आणले. "दादा, उन्हाळा हे जमिनीखाली झोपून काढतंय. बिनघोर लाव." पावसाळ्यात जाळी पिवळ्या फुलांनी भरली आणि कर्टुलं एक नाही. कर्टुल्यात नर वेल वेगळा, मादी वेल वेगळा. नुसत्या कंदावरून ओळखू येत नाही. कचरूनं सगळे नर आणले होते.

तेव्हा पलीकडून कडुबाची बायको मालनबाई कित्येक वर्षांनी बोलल्या, "सांडूभाऊ, सगळे नवरदेवच गोळा केले व्हय? नवरी कुठंय?"

"तुमच्याकडं असंल तर दाखवा."

"दाखवते की! पण तुमच्या दारात नाय, माझ्या अंगणात नांदंल ती."

आवडाबाईला हसून हसून ठसका लागला. मालनबाईंनी माहेराहून मादी वेल आणला. तेव्हापासून आपली फुलं तिकडं जातात, कर्टुली तिकडं लागतात आणि निम्मी भाजी इकडं येते. श्रावणात तू ताट पुसून खातोस ती भाजी या बिनफळाच्या वेलांची आहे. मोजणीचा विषय पुन्हा निघाला नाही. कडुबाला खांदा मीही दिला.

आता मालनबाईंना नीट दिसत नाही. संध्याकाळी फुलं उमलली की त्या पलीकडून वेल धरतात आणि तनुजा जाळीतून हात घालून नर फूल मादी फुलाच्या मधोमध टेकवते. हे तिला मी सांगितलं नाही, तिनंच विचारून घेतलं. तिचा हात खरचटायला लागला म्हणून मी ग्राइंडरनं जाळीत एक खिडकी कापली. कडा घासून गुळगुळीत केल्यात. बांगड्यांसकट हात जातो.

६. उन्हाळ्यात तारेवर वाळक्या काड्या दिसतील. मेलं समजून कुणी खणू नये.

७. गोकुळला भिंत हवीच असेल, तर त्यानं एका पावसाळ्यात संध्याकाळी त्या खिडकीपाशी उभं राहावं, मग तनुजाकडं सही मागावी. तिनं दिली तर माझी हरकत नाही. पण काल ती मालनबाईंना म्हणत होती, "मावशी, पुढच्या साली एक नवरी आमच्या बाजूला पण लावू." कूलर बंद होता.

सही : सांडू आसाराम गायके

वरील मजकूर सांडू गायके यांनी स्वतः मोठ्यानं वाचला आणि आम्हा दोघांसमोर सही केली. आम्हीही त्यांच्यासमोर करत आहोत.

साक्षीदार :
१) सम्यक कडुबा हिवराळे, शेजारी, चिकलठाणा
२) कचरू आसाराम गायके, देवगाव रंगारी (कलम ४ वाचलं. यंदा फूल बघून मादी आणतो.)

ठिकाण : छत्रपती संभाजीनगर
दिनांक : १९ जुलै २०२५